न पाहिलेले शिकवावे काय?

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. शिक्षणशास्त्र महाविद्यालयातून आमच्या शाळेत सहा छात्राध्यापक पाठ घेण्यासाठी आले होते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हापासून ही मंडळी पूर्वीसारखी चार दिवस येऊन पाठ उरकून जात नाहीत. आठवडेच्या आठवडे शाळेत असतात, हजेरीपट भरतात, प्रार्थनेला उभी राहतात, आणि मुख्याध्यापकाला त्यांची नावे पाठ होण्याइतका अवधी मिळतो. त्यांतल्या एका छात्राध्यापिकेचा आठवीवर पानाचा पाठ होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मी मराठीचा एम.ए. जीवशास्त्राच्या पाठात मला दोष काढता येण्यासारखे फारसे नसते. म्हणून मी बहुधा फळ्यावरचे अक्षर पाहतो.

पाठ उत्तम चालला होता. जास्वंदीच्या पानाचा रंगीत तक्ता टांगलेला होता. देठ, पाते, मध्यशीर सांगून झाली. साधे पान आणि संयुक्त पान यांच्या व्याख्या झाल्या आणि संयुक्त पानाचे उदाहरण म्हणून फळ्यावर 'कडुनिंब' हा शब्द आला. आमच्या आठवीच्या वर्गाच्या दोन खिडक्यांत कडुनिंबाच्या फांद्या शिरलेल्या आहेत. खिडकीजवळच्या एका मुलाने हात बाहेर काढून एक पाते खुडले आणि विचारले, "मॅडम, हे एक पान हाय का अर्धं?"

बाईंनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "हे एक पान." मुलगा खाली बसला. पाठ पुढे गेला. फळ्यावरची व्याख्या नेमके उलटे सांगत होती, हे वर्गात कोणाच्याही ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. मधल्या सुट्टीत त्या स्वतःच माझ्या खोलीत आल्या. घरी कन्नड बोलणाऱ्या, बी.एस्सी. चांगल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या. म्हणाल्या, "सर, मी चुकीचं सांगितलं. ते पान नव्हतं, ती पर्णिका होती. व्याख्या मला पाठ आहे. पण कडुनिंबाचं पान मी कधी असं हातात घेऊन बघितलंच नव्हतं."

मी त्यांना काही बोललो नाही. उलट, एवढे कबूल करणारी व्यक्ती शिक्षकी पेशात येत आहे याचा मला आनंदच झाला. पण त्यांचे शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. जे आपण पाहिले नाही ते आपण शिकवावे काय?

यावर कोणी म्हणेल, हा काय प्रश्न झाला! इतिहासाच्या शिक्षकाने पानिपत पाहिलेले नसते, भूगोलाच्या शिक्षकाने हिमालय पाहिलेला नसतो आणि अणू तर कोणीच डोळ्यांनी पाहत नाही. हे मला मान्य आहे. मी स्वतः ज्ञानेश्वरांवर पस्तीस वर्षे बोलत आलो. परंतु जे पाहणे शक्य नाही ते दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासून सांगणे ही एक गोष्ट, आणि जे खिडकीतून आत आलेले आहे ते न पाहता तक्त्यावरून सांगणे ही दुसरी. पहिलीला आपण परंपरा म्हणतो. दुसरीला काय म्हणावे? लबाडी म्हटले तर शब्द फार कठोर होतो, आळस म्हटले तर फार सौम्य.

या शब्दाचा शोध मी घेतो आहे, त्याला एक जुने कारण आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे मला बरे वाटणार नाही.

सुमारे अठरा-वीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी सहशिक्षक होतो. तेव्हा झाडाच्या तेलापासून डिझेल काढण्याचा मोठा गाजावाजा चालू होता आणि मोगली एरंडाची रोपे सर्वत्र मिळत. शेळी त्याला तोंड लावत नाही, पाणी फारसे लागत नाही, म्हणून शाळेच्या मागच्या बाजूला आम्ही त्याचे कुंपण केले. खड्डे खणताना मीही उभा होतो. दोन वर्षांनी त्याला फळे धरली. एके दिवशी सहावीतल्या एका मुलाने काळ्या बिया माझ्यापुढे धरून विचारले, "सर, हे काय हाय?" मी परीक्षेच्या वह्या तपाशीत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "एरंडाचाच प्रकार आहे. औषधी असतो."

दोन्ही वाक्ये अर्धी खरी होती. मोगली एरंड हा एरंडाच्या कुळातलाच, आणि औषधात त्याचा उपयोग जुने वैदू करीत. पण त्याची बी विषारी असते आणि चवीला शेंगदाण्यासारखी लागते. घात होतो तो तिथेच. संध्याकाळी सात मुले ओकू लागली. रात्री एका जीपमधून त्यांना तालुक्याला नेले, सलाइन लावले. दोन दिवसांनी सगळी सुखरूप घरी आली, ही देवाची कृपा. एका मुलाची आई दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाली, "सर, पोरगं म्हनतंय तुमीच सांगिटलं औषदी हाय म्हून." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

त्याच आठवड्यात शेजारच्या वर्गात एरंडाच्या बीची आकृती काढून, भागांना नावे देऊन झाली होती. आकृती बिनचूक होती. कुंपण वीस पावलांवर होते.

मला त्या दिवशी "माहीत नाही, पाहू" एवढे म्हणता आले असते. मी का म्हणालो नाही? वह्या तपासायच्या होत्या हे एक झाले. पण खरे कारण हे की, "माहीत नाही" म्हणायची आम्हां शिक्षकांना सवय नसते. वर्गात प्रश्न पुस्तक ठरविते आणि उत्तरही पुस्तकच देते, त्यामुळे वर्गात शिक्षक सहसा उघडा पडत नाही. तक्त्यावर प्रत्येक भागापुढे नाव छापलेले असते. रानातल्या झाडावर काही लिहिलेले नसते. तिथे कोणते पोर कोणत्या पाल्याकडे बोट दाखवील याचा नेम नाही.

मुलांना बाहेर न्यायचे नाही, यासाठी आमच्याकडे कारणे पुष्कळ असतात: अभ्यासक्रम पुरा व्हायचा आहे, पालक तक्रार करतील, साप-विंचू आहे, ऊन आहे. यांतली काही खरीही आहेत. आमच्या बिदर भागात चैत्र-वैशाखात मुलांना माळावर नेणे हा शुद्ध वेडेपणा होईल, आणि बाहेर तासन् तास राहायचे तर मुलींची, शिक्षिकांची अडचण कोणी विचारात घेत नाही. परंतु मी मुख्याध्यापक झाल्यावर किती तरी वर्षे सापाचे कारण सांगत आलो, आणि मला भीती सापाची नव्हती.

असो. त्या आषाढात आम्ही ठरविले की, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर सहाही छात्राध्यापक आणि आठवीची येतील तेवढी मुले घेऊन रेल्वे रुळाच्या बाजूच्या रस्त्याने ओढ्यापर्यंत जायचे. निघण्यापूर्वी मी छात्राध्यापकांना एक काम दिले. स्टेशनापासून शाळेपर्यंत रोज येता, त्या वाटेवर काय काय दिसते त्यातल्या दहा गोष्टी लिहा. म्हशी, शेळ्या, कुत्री, चहाची टपरी, ट्रॅक्टर, फलक, सगळे आले. झाड एकानेच लिहिले होते, तेही त्याखाली रिक्षा उभ्या राहतात म्हणून. त्या वाटेवर चिंच, कडुनिंब, वड, बाभूळ, करंज आहेत. १९९९ साली वँडरसी आणि शुस्लर या दोन अमेरिकन अध्यापकांनी याच दोषावर एक लेख लिहिला आणि त्याला 'वनस्पतींविषयीचे आंधळेपण' म्हटले. माणसाच्या डोळ्याला हलणारा प्राणी चटकन दिसतो, हिरवे मात्र मागचा पडदा होऊन बसते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे तर हे आंधळेपण पदवी घेऊन येते.

पहिल्या शनिवारी आम्ही दुसरे काही केले नाही, फक्त पान कोठे सुरू होते ते शोधले. युक्ती साधी आहे, आणि ती त्या छात्राध्यापिकेनेच पुस्तकात वाचलेली होती. पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात बारीकशी कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. कळी सापडली की पान सापडले. कडुनिंबाची फांदी खाली ओढून सगळी मुले कळी शोधू लागली. वीतभर लांबीची ती सगळी काडी, दोन्ही बाजूंच्या करवतकाठी पात्यांसह, मिळून एक पान. ज्याने वर्गात प्रश्न विचारला होता तो पोरगा म्हणाला, "म्हंजे मी अर्धं बी नाही, लईच थोडं तोडलो होतो." बाई हसल्या. पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

मग बेल आला, आणि तिथे मुलांनीच आम्हांला शिकविले. बेलाची तीन पाती म्हणजे किती पाने, असे विचारताच चार-पाच जण एकदम म्हणाले, एक. महादेवाला वाहताना एक पाते तुटलेले चालत नाही, तीन मिळूनच ते पान, हे त्यांना आजीने सांगितले होते. जंगमांच्या घरातली एक मुलगी म्हणाली, आम्ही त्याला पत्री म्हणतो. संयुक्त पानाची व्याख्या या मुलांच्या देव्हाऱ्यात होती आणि आम्ही ती जास्वंदीच्या तक्त्याशेजारी फळ्यावर शोधत होतो.

दुभाषी मुलखात राहण्याचा एक लाभ त्या फेऱ्यांत मला नव्याने कळला. आमच्या मुलांना एका झाडाची दोन नावे येतात. कडुनिंब म्हणजे बेवु, चिंच म्हणजे हुणसे, आघाडा म्हणजे उत्तराणी. बांधावर पिवळाधमक फुललेला तरवड दिसला, तेव्हा कन्नड छात्राध्यापक म्हणाले, ही तंगडी. ज्याचा मामा जहिराबादकडे आहे असा एक मुलगा म्हणाला, तिकडे तंगेडु म्हणतात, बतकम्माला लागते. नव्या तेलंगण राज्याने तिलाच आपले राज्यपुष्प केले आहे. एक झुडूप, तीन राज्ये. वेड्या बाभळीची गंमत तर सांगण्यासारखी आहे. आपण तिला विलायती बाभूळ म्हणतो, कन्नडमध्ये ती बळ्ळारी जाली. कोणीही तिला आपल्या गावची म्हणायला तयार नाही!

त्या दिवशी बांधावर एक म्हातारी बाई गवत कापीत होती. आम्हांला पाहून तिने विळा थांबविला. "गुर्जी, पोराईला गवत शिकवायलाव का?" मी म्हटले, आजी, तुम्हीच शिकवा. तिने बसल्या जागेवरून हात फिरवून घोळ, तांदुळजा, कुंजर, पाथरी, केना दाखविला. कोणते शिजवायचे, कोणते गुरांना, कशाची भाजी पहिल्या पावसाचीच खायची, नंतर कडवट होते. केन्याचे निळे फूल सकाळीच उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, हेही सांगितले. सहा पदवीधर वहीत लिहून घेत होते. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, हे आम्ही बी.एड.ला परीक्षेपुरते वाचले होते. तिथे गेल्यावर शिक्षिकांनाही किती शिकावे लागले असेल, हा विचार मला त्या बांधावर प्रथम शिवला.

मात्र खेड्यातल्या माणसाला सगळे कळते आणि शिकलेल्याला काहीच नाही, असला सोपा निष्कर्ष मला काढायचा नाही. तो दिवाळी अंकांत फार वाचायला मिळतो आणि तो खरा नाही. मार्गशीर्षात, येळवशीच्या आधीच्या शनिवारी, (येळवस म्हणजे आपली वेळ अमावास्या, कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्या, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको) ओढ्याच्या काठी पिवळा धोतरा फुललेला होता. तीच आजी म्हणाली, "ह्यो धोतऱ्याचा भाऊ." मुलांनीही मान डोलविली, नावच धोतरा. तेव्हा छात्राध्यापिकेने काटे सांभाळून त्याचा देठ मोडला. पिवळा चीक आला. धोतऱ्याचे फूल नरसाळ्यासारखे सलग असते, याच्या पाकळ्या एकेक सुट्या निघतात. हा धोतऱ्याच्या कुळातला नाहीच, अफूच्या कुळातला, मूळचा अमेरिकेकडचा. त्याचे बी मोहरीसारखे दिसते, आणि ते मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत पायांना सूज येण्याची साथ पसरली, साठांहून अधिक माणसे गेली. म्हातारी ऐकत होती. म्हणाली, "असं व्हय? नाव ठिवणाऱ्यानं फसवलं की मग." बाईंची बी.एस्सी. त्या दिवशी कामी आली. पण ती कामी येण्यासाठी आधी देठ मोडावा लागला.

आता एका अप्रिय गोष्टीविषयी. छात्राध्यापकांकडे सुकवलेल्या वनस्पतींची एक फाईल असते. एकाची फाईल मी सहज चाळली. टाकळ्याचे पान, पिवळी फुले, खाली सुवाच्य अक्षरात नाव, गोळा केल्याचे ठिकाण आणि तारीख: मे महिन्यातली. मला वनस्पतिशास्त्र येत नाही, पण आमची आई पहिला पाऊस पडल्यावर टाकळ्याची कोवळी भाजी करीत असे आणि तो फुलायला भाद्रपद यावा लागे, एवढे मला माहीत आहे. मे महिन्यात आमच्या काळ्या रानात ढेकळांखेरीज काही नसते. मी तारखेवर बोट ठेवले. तारीख पांढऱ्या शाईवर लिहिलेली होती. त्याखाली दुसरी तारीख होती आणि, उजेडात धरल्यावर, तिच्याखाली तिसरी. तो टाकळा तीन तुकड्यांना पुरला होता. त्या महाविद्यालयाचे नाव मी सांगणार नाही. असे एकच असते तर सांगायला हरकत नव्हती. तो तरुण खजील झाला, रडवेला झाला. मी त्याला रागे भरलो नाही. वीस वर्षांपूर्वी मान वर न करता उत्तर देणारा माणूस याला काय रागे भरणार?

पण मी त्याला एवढे सांगितले, की या कागदावर चोरी टाकळ्याची झालेली नाही. 'मी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी हे पाहिले', अशी ही साक्ष आहे. कोर्टात खोटी साक्ष दिली तर शिक्षा होते. वर्गात दिली तर गुण मिळतात.

त्या छात्राध्यापिकेने मला एकदा चांगलेच अडविले. म्हणाली, "सर, तुम्ही म्हणता ते पटतं. पण शिक्षक पात्रता परीक्षेत चार पर्याय असतात. तिथे कोणी मला ओढ्यावर नेत नाही. मुलांच्या दहावीच्या परीक्षेतही नेत नाहीत. माझ्या घरी माझ्या नोकरीची वाट पाहतायत. या शनिवारांत मी चार प्रकरणं पाठ केली असती." याला माझ्याजवळ पुरे उत्तर नव्हते, आजही नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या जगाशी शिक्षण जोडावे, असे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितले. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची मांडणी केली. पण आराखडे करणाऱ्यांना पात्रता परीक्षा द्यावी लागत नाही. मी तिला एवढेच म्हणालो, की चार पर्यायांत पाचवा, 'मी पाहिलेले नाही', हा कधीच नसतो, आणि शिक्षकाला आयुष्यभर लागतो तो तोच. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही. मात्र पुढच्या शनिवारी ती आली.

येताना तिने कन्नड पुस्तक आणले होते: बी. जी. एल. स्वामी यांचे 'हसुरु होन्नु'. नाव उच्चारले तरी हिरवे सोने डोळ्यांपुढे येते. स्वामी हे डी. व्ही. गुंडप्पांचे चिरंजीव, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांना घेऊन केलेल्या रानभटकंतीचे हे पुस्तक, आणि त्याला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझे कन्नड वाचन बैलगाडीच्या चालीचे. तरी दोन महिन्यांत ते पुरे केले. विद्यार्थ्यांच्या फजित्या, थट्टा, खाणेपिणे आणि त्यांतून हळूच झाडाची ओळख. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. त्यात झाडे आहेत, सोबत मुले नाहीत. आपल्या घरी कन्नड वाचणारे कोणी असेल तर त्यांच्याकडून स्वामी वाचून घ्यावेत, अशी माझी वाचकांना शिफारस आहे.

पुस्तकांचा विषय निघाला म्हणून आणखी एक. झाड ओळखता येईना, तेव्हा आधार कोणाचा घ्यावा म्हणून मी चौकशी केली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ केला. गॅम्बल यांनी १९१५ पासून मद्रास इलाख्याचा सुरू केला. आम्ही निजामाच्या राज्यात, म्हणून दोघांच्याही बाहेर. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली आला, त्यात उदगीर आहे. आणि २००० साली गुलबर्गा जिल्ह्याचा आला, तो आमच्या शेजाऱ्यांचा. आमची मुले दोन्हीकडच्या परीक्षांत जशी 'बाहेरची' ठरतात, तसेच हे झाले, असे मला क्षणभर वाटले. पण ओढ्याच्या अल्याडचे आणि पल्याडचे गवत एकच असते. दोन्ही पुस्तके घ्यावीत आणि दोन्हींवर पूर्ण विसंबू नये, हे उत्तर शेवटी सोयीचे वाटले.

दसऱ्याला आणखी एक प्रश्न उभा राहिला. आमच्या गावात मराठी घरे आपट्याचे पान देतात, सोने म्हणून. कन्नड घरे बन्नी, म्हणजे शमी देतात, तीही बंगार म्हणूनच. मुलांनी दोन्ही आणावे असे ठरले. आपटा म्हणून जो ढीग जमला त्यात निम्मा कांचन निघाला. कांचनाचे पान मोठे आणि नितळ; आपट्याचे छोटे, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. बाजारात कांचन आपट्याच्या नावाने सर्रास विकला जातो. या दोन्ही झाडांच्या गणाला लिनियसने बाउहिन नावाच्या दोन वनस्पतिज्ञ भावांचे नाव दिले, पानाच्या दोन पाळ्या पाहून. ही माहिती छात्राध्यापिकेने सांगितली तेव्हा मुलांना फार आवडली.

पण एका मुलीने विचारले, "सर, फांद्या तोडू नका म्हनून तुमीच प्रार्थनेला सांगता, मग आज एवढ्या कशाला आणायला लावल्या?" मी निरुत्तर झालो. जाणून घ्यायचे तर खुडावे लागते. देठ मोडल्याशिवाय पिवळा चीक दिसत नाही. किती खुडणे हे ज्ञानासाठी आणि किती हे फाईल भरण्यासाठी? फुटपट्टी लावून याचे उत्तर निघणार नाही. आम्ही त्या दिवसापासून एवढा नियम केला की सगळ्यांत मिळून एकच पान तोडायचे आणि ते हातोहात फिरवायचे. एकाच जागी एकटेच दिसणारे झाड असेल तर बसून चित्र काढायचे. चित्र काढताना पोरे जास्त वेळ पाहतात, हे नंतर लक्षात आले.

त्या फेऱ्यांसाठी आम्ही एक शंभर पानी वही केली. तिच्या वेष्टनावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले आहे: माहीत नसलेली झाडे. ज्याला नाव सांगता येईना त्याचे चित्र, तारीख, जागा, पाहणाऱ्यांची नावे तिच्यात. पहिली नोंद माझ्या हातची आहे. मुख्याध्यापकापासून सुरुवात झाली म्हणजे बाकीच्यांना लाज वाटत नाही. गेल्या वर्षी एकोणीस नोंदी झाल्या. त्यांतल्या अकरांना पुढे नावे मिळाली: काही पुस्तकांतून, काही आज्यांकडून. एक तर शाळेच्या शिपायाने सांगितले; तो तीन महिने वहीकडे पाहत होता, पण त्याला कोणी विचारले नव्हते.

ते सहाही जण आता परीक्षा देऊन गेले. छात्राध्यापिकेला अजून नोकरी लागलेली नाही. पात्रता परीक्षेची तयारी चालू आहे, असे तिने कळविले आहे, आणि पत्राच्या शेवटी सतराव्या नोंदीचे काय झाले, असे विचारले आहे. सतरावी नोंद म्हणजे ओढ्यापलीकडच्या कुंपणावरची एक नाजूक वेल. या आश्विनात ती पुन्हा फुलली. मी आणि नववीत गेलेली ती मुले जाऊन पाहून आलो. दोन्ही ग्रंथ चाळले, आजीला विचारले. नाव मिळाले नाही. मुलांनी तूर्त तिला स्वतःच एक नाव ठेवले आहे. ते आमच्या एका शिक्षकाचे असल्यामुळे इथे देत नाही.